वीस नंबरचा क्रँक

पोत्यावर उभा ठेवलेला लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर सरकतो ती लोखंडी नळी, मिस्तरींनी दाराकडच्या उजेडात कलता धरला, डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने आतून पुसून घेतला आणि अंगठ्याचं नख वरच्या काठापासून सावकाश खाली सरकवलं. अर्ध्या बोटावर नख अडलं. "बघा भाऊ, हितं," असं म्हणून त्यांनी माझं बोट धरून त्या जागी नेलं. डोळ्यांना काही वेगळं दिसत नव्हतं, लोखंड सगळीकडे सारखंच चकचकीत होतं. बोटाला मात्र बारीक कंगोरा लागला आणि त्याच्या लगेच खाली किंचित आत गेलेली जागा. पिस्टनची सगळ्यात वरची रिंग वर येते, क्षणभर थांबते आणि परत फिरते, ती ही जागा. तिच्या वर रिंग कधी पोचतच नाही, म्हणून तिथलं लोखंड कारखान्यातून आलं तेव्हा होतं तेवढंच राहिलेलं. खालचं झिजलेलं. झिजलं किती, ते त्या कंगोऱ्यावरून कळतं.

मे महिना अर्धा सरला होता. लातूरच्या औसा रोडला, मुख्य रस्त्यापासून जरा आत पत्र्याच्या शेडमध्ये हे दुकान आहे. दारावर पाटी नाही, पण अहमदपूर, चाकूर, लोहा इकडचे लोक विचारत विचारत बरोबर येतात. पुढच्या मोकळ्या जागेत छोटे ट्रॅक्टर उभे होते. एकाचं बॉनेट काढलेलं, एकाचं हेड उतरवलेलं, एकाचा नुसताच सांगाडा, इंजिन आत फळीवर. मृगाच्या आत प्रत्येकाला आपला ट्रॅक्टर हवा असतो, त्यामुळे वर्षातला सगळ्यात जास्त राबता या दिवसांत. माझ्या चुलतभावाचा ट्रॅक्टर त्याच रांगेत होता. एका सिलिंडरचा, पंधरा अश्वशक्तीचा, तुरीच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल एवढ्या रुंदीचा. "धूर लय मारतोय, ऑईल खातोय आन् चढाला दम न्हाई," एवढीच त्याची तक्रार. मिस्तरींनी ऐकून घेतली, ऑईल टाकायचं झाकण उघडून चालू इंजिनाच्या त्या तोंडावर तळहात धरला आणि आतून येणारी गरम वाफ हाताला लागताच म्हणाले, "उतरवा."

मला या कामात गोडी आहे. मी मिस्तरी नाही आणि शेतकरीही आता अर्धाच उरलो आहे, पण इंजिन उघडलं जात असलं की माझा पाय तिथून निघत नाही. याचं कारण ती झीज आहे, असं मला वाटतं. उघडलेल्या इंजिनात कुणाचं काही लपत नाही. कनेक्टिंग रॉड तिरपा होऊन जोर लावतो, म्हणून पिस्टन एका भिंतीला जास्त रेटला जातो आणि गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. ज्याने हे इंजिन भर चढावर चुकीच्या गिअरमध्ये कळवळेपर्यंत ओढायला लावलं, त्याच्या लायनरची ही बाजू हाताला लगेच कळते. पाणी कमी असताना चालवलेल्या इंजिनात तांबूस-निळसर डाग असतात. उभे बारीक ओरखडे असले तर मिस्तरी मालकाकडे न बघताच विचारतात, "एअर क्लीनर कवा उघडला होता?" मालक तेव्हा उत्तर देत नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी ट्रॅक्टरकडे बघतो.

आमच्याकडचा फुफाटा ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे समजायला जड जाईल. काळी जमीन ओली असताना चाकाला चिकटून बसते आणि उन्हाळ्यात तिचं पीठ होतं. त्यात चुनखडीचे बारीक खडे. रोटाव्हेटर फिरायला लागला की ट्रॅक्टर स्वतःच उठवलेल्या ढगात शिरतो. मोठ्या ट्रॅक्टरचं हवा ओढायचं नळकांडं निदान उंच असतं, छोट्याचं सगळंच जमिनीजवळ. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत वर भुश्शाची भर. ही हवा इंजिनात जाण्याआधी एका भांड्यातल्या तेलावरून वळते, जड धूळ तेलात बसते, उरलेली जाळीत अडकते. एवढीच ती योजना. पण ते भांडं महिनोन्‌महिने कुणी काढत नाही. तेलाचा चिखल होतो, चिखल भरला की धूळ वळसा न घेता सरळ आत जाते. आत गेलेला बारीक खडा पिस्टनबरोबर मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. सात-आठ हंगाम चालायचं ते इंजिन तिसऱ्या हंगामात धूर मारायला लागतं.

मिस्तरींच्या फळीवर त्या दिवशी दुसराही एक लायनर होता, आणि तो मला जास्त वेळ पाहावासा वाटला. तो फारसा झिजलेला नव्हता. वरचा कंगोरा जेमतेम. पण मधोमध, चारी बाजूंनी, एक तपकिरी रेघ होती, आणि तिच्या खाली थोड्या अंतरावर तशाच आणखी दोन. "ह्ये उभं होतं," मिस्तरी म्हणाले. पिस्टन जिथं थांबला होता तिथं रिंगांच्या कडेला ओल धरली, गंज चढला आणि रिंगा लोखंडाला धरून बसल्या. नंतर कुणीतरी ट्रॅक्टर ढकलून, गिअर टाकून जबरदस्तीने फिरवला. रिंगा सुटल्या, पण लोखंडाचे कण घेऊन सुटल्या. इतका वेळ का उभं होतं, असं मी विचारलं. उत्तर त्या ट्रॅक्टरच्या मालकाने दिलं. तो कडेला बाजेवर बसला होता. पहिल्यांदा असं झालं ते सलग दुष्काळाच्या वर्षांत, तो म्हणाला. पेरलं ते उगवलं नाही, उगवलं ते करपलं, डिझेल टाकून मशागत कशासाठी करायची? ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवला. तेव्हापासून त्याला उभं राहायची सवय लागली.

ती वर्षं आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहेत. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या गाडीला 'जलदूत' म्हणत. गाडीचे फोटो देशभर छापून आले. पण शिवारातल्या गोठ्यांना लावून ठेवलेल्या यंत्रांचा फोटो कुणी काढला नाही. ज्यांना थोडंफार काम होतं ते पाण्याच्या टाक्या ओढत होते, बाकीचे उभे. दुष्काळ माणसांवर आणि गुरांवर येतो हे आपण जाणतो. तो लायनरमध्येही तपकिरी रेघ ओढून जातो, हे मला त्या फळीपाशी उभं राहून समजलं. चालून चालून झिजलेल्या इंजिनाबद्दल मला तेव्हापासून उलट बरं वाटायला लागलं. त्याच्या झिजेच्या बदल्यात निदान काहीतरी पिकलं.

हे छोटे ट्रॅक्टर आमच्या भागात आले त्याला फार वर्षं झाली नाहीत. त्यांच्या आधी बैल होते, आणि ते साधेसुधे बैल नव्हते. देवणी ही लातूरकडची, लाल कंधारी नांदेडकडची. दोन्ही आमच्याच मातीत घडलेल्या जाती. हाळी हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत चांगल्या जोडीभोवती माणसांचं कोंडाळं पडतं ते आजही. पण जोडीला बारा महिने वैरण लागते, पाणी लागतं, आणि तिच्यामागे राबणारा एक माणूस लागतो. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे झाले, पोरं शहरात गेली. मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणला तर नांगरट होते, पण पीक उभं असताना तो रानात शिरू शकत नाही. कोळपणीसाठी, हळदीच्या आणि उसाच्या सरीत, केशर आंब्याच्या झाडांखाली जाईल असं काहीतरी हवं होतं. ते या लहान यंत्राने दिलं.

त्यात एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. २०१२पासून राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची एक योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या बचत गटांना नऊ ते अठरा अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं. किंमत साडेतीन लाखांपर्यंत, त्यातले ९० टक्के सरकारचे, १० टक्के गटाचे. मराठवाड्यात ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या रानात खुरपं चालवलं, त्यांच्या नावावर ट्रॅक्टरचे कागद झाले. मला या योजनेतलं सगळं काही सुरळीत चाललं असा दावा करायचा नाही. काही ठिकाणी ट्रॅक्टर गटाचा राहिला नाही, एकाच्याच दारात गेला. पण त्या दिवशी दुकानात आलेल्या अशाच एका गटातल्या दोघी बायका मी पाहिल्या, आणि त्यांच्याजवळची वही पाहिली. शाळेची दोनशे पानी वही, वर पुठ्ठा. कुणी किती तास ट्रॅक्टर नेला, कुणाच्या रानात, डिझेल किती, ऑईल कधी बदललं, सगळं तारखेनिशी. अक्षर तीन-चार हातांचं. मिस्तरींनी ती वही हातात घेऊन चष्मा लावून वाचली, मग इंजिन उघडलं. रिंगा गेल्या होत्या, लायनर अजून एक वेळ चालेल असा होता. "मावशी, तुमचं निम्म्यात भागलं," ते म्हणाले. त्यातल्या थोरल्या बाईंनी वही परत पिशवीत घातली आणि विचारलं, "निम्म्यात म्हंजी किती?" पैशांचा हिशेब तिथंच, पायरीवर बसून झाला.

आमच्या लहानपणी 'इंजिन' म्हटलं की ट्रॅक्टर डोळ्यांसमोर यायचा नाही. इंजिन म्हणजे विहिरीवरचं. वीज गावात आली तरी रानात यायला वेळ लागला, आणि आली तेव्हाही ती रात्री-अपरात्री. मोट सुटली आणि तिच्या जागी हिरव्या रंगाचं, एका सिलिंडरचं ऑईल इंजिन बसलं. या इंजिनांचा आपल्याकडचा इतिहास मला नेहमी ओढून घेतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला तो लोखंडी नांगरांसाठी. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स काढली. त्याच्याही आधी, १९३०च्या दशकात, साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात देशी बनावटीचं डिझेल इंजिन तयार झालं होतं. हेच कूपर १९३७मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. आणि इंग्लंडातल्या डर्सली नावाच्या छोट्या गावातलं लिस्टर, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारं, दोन्ही बाजूंना भली मोठी फ्लायव्हील असलेलं, त्याच्या नकला राजकोटच्या कारखान्यांनी इतक्या केल्या की मूळ कुठलं हे विचारायची गरजच उरली नाही. आमच्याकडे गिरणीवर ते लिस्टर जातीचं आणि विहिरीवर किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं 'एव्ही वन', दीड हजार फेऱ्यांचं. आवाजावरून लांबूनच कळायचं, दळण चाललंय की पाणी.

वडील ते इंजिन हँडलने सुरू करत. हेडवरचा लिव्हर उचलून ठेवायचा, म्हणजे आत दाब धरत नाही आणि हँडल हलकं फिरतं. वेग आला की लिव्हर सोडायचा. त्याच क्षणी इंजिन धरलं तर धरलं, नाहीतर हँडल उलटं येतं. अंगठा मुठीत न गुंडाळता बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवायचा, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवलं गेलं, चालवायचं कसं ते नंतर. ७२च्या दुष्काळात विहिरी खोल गेल्या तेव्हा आणखी एक संकट आलं. पंप पाणी वर ढकलू शकतो बऱ्याच उंचीपर्यंत, पण खालून ओढू शकतो जेमतेम पंचवीस फूट. मग काठावरचं इंजिन दोर लावून विहिरीच्या पोटात, कपारीत कोरलेल्या ओट्यावर उतरवायचं. खाली धूर कोंडायचा. इंजिन सुरू करून माणसाने दम धरून वर यायचं. त्या धुराने विहिरीत माणसं दगावल्याच्या बातम्या नंतरही येत राहिल्या. त्या पिढीने इंजिनावर जीव लावला त्याचं कारण यात आहे. पाणी म्हणजे इंजिन होतं, आणि ते बंद पडलं की मिस्तरीला आणायला सायकल काढून रात्रीच निघायचं.

डिझेलचं इंजिन मुळात डिझेलवरच चालावं असं काही नव्हतं. १९००च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, असं खुद्द रुडॉल्फ डिझेलने पुढे नोंदवलं आहे. लातूरसारख्या तेलबियांच्या आणि तेलगिरण्यांच्या गावात मला हे आठवतं. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि माझ्या लहानपणी त्यातल्या काही रस्त्यांवर करडईच्या तेलाचा वास असायचा. आता सगळं सोयाबीन आहे.

पुन्हा दुकानाकडे येतो, कारण खरं बघण्यासारखं काम पुढे होतं. भावाच्या इंजिनाचा क्रँक मिस्तरींनी दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला आणि मायक्रोमीटर लावला. जिथं कनेक्टिंग रॉड फिरतो त्या गोल भागावर, आधी एका दिशेने, मग काटकोनात. मापात फरक आला. गोल भाग तिथंही लंबगोल झाला होता. असा क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर चढवून पुन्हा गोल करावा लागतो. घासायचं म्हणजे त्याची जाडी कमी होणार. म्हणून त्याची बेअरिंगं ठरलेल्या मापांत मिळतात. दहा नंबर, वीस नंबर, तीस नंबर, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात दहा, वीस, तीस. क्रँक जेवढा बारीक झाला तेवढंच बेअरिंग जाड. क्रँकने गमावलेलं मोजून, नेमकं तेवढंच बेअरिंगमध्ये भरून दिलेलं असतं.

"ह्यो आधीच दहाला हाय," मिस्तरी म्हणाले. "कुणी केला?" भावाने हा ट्रॅक्टर जुना घेतला होता, विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. "आता वीसला जाईल. मग एक तीस. त्याच्या पुढं न्हाई." भाऊ जरा खट्टू झाला. मी मात्र ते वाक्य मनात धरून बसलो. या कामात माझं मन कुठे अडकतं, तर इथे. मिस्तरी खोटी आशा लावत नाहीत आणि भीतीही घालत नाहीत. किती उरलं आहे ते हजाराव्या भागात सांगतात. वीस नंबरचा क्रँक वाईट नसतो. नीट घासलेला, नीट बसवलेला वीस नंबरचा क्रँक नव्याच्या बरोबरीने काम करतो, बाहेरून आवाज ऐकून कुणाला सांगता येणार नाही. फक्त त्याच्या खात्यात पुढे एकच घासणी शिल्लक आहे, एवढं मालकाला ठाऊक असावं. माझ्या वयाच्या माणसाला असा हिशेब आवडू लागतो. दवाखान्यांत तो इतका सरळ कुणी सांगत नाही.

नव्या रिंगा आल्या. पाकिटातून काढून लगेच पिस्टनवर चढवल्या नाहीत. एकेक रिंग नुसतीच लायनरमध्ये घातली, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ केली, आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलरची पाती सरकवून पाहिली. फट फार कमी असली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते, जास्त असली तर दाब निसटतो. मिस्तरींचा पोऱ्या पात्या पुढे करत होता, ते न बघता बोटाने जाडी ओळखून घेत होते. जुनी रिंग जुन्या लायनरच्या झिजलेल्या जागी धरून दाखवली तेव्हा मोठी फट पडली. भाऊ पहिल्यांदाच पुढे वाकून बघायला लागला. मग रिंगा चढल्या, प्रत्येकीचं तोंड वेगळ्या दिशेला, एकाखाली एक येऊ द्यायचं नाही. लायनरच्या बुडाच्या रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावून तो आत बसवला, रेटून नाही, दोन्ही तळव्यांच्या सारख्या जोराने.

व्हॉल्व्ह बसवण्याचं काम मी याआधी नांदेडला, देगलूर नाक्याच्या बाजूच्या एका दुकानात मन लावून पाहिलं होतं. तिथं अर्धापूरच्या केळीच्या बागेतून आलेला एक जुना पॉवर टिलर होता, आडव्या सिलिंडरचा. तिथल्या म्हाताऱ्या मिस्तरींना सगळे चाचा म्हणत. व्हॉल्व्हच्या कडेला दाणेदार पेस्ट लावून, काठीच्या टोकाची रबरी वाटी त्याला चिकटवून ते दोन तळव्यांत ती काठी फिरवत, ताकाच्या रवीसारखी, थोडी इकडे थोडी तिकडे, मग उचलून जागा बदलून पुन्हा. खर्र असा येणारा आवाज हळूहळू मऊ होत गेला. आवाज पुरेसा मऊ झाला तेव्हा पुसून पाहिलं. व्हॉल्व्हच्या कडेला आणि त्याच्या बैठकीला सारख्या रुंदीची राखाडी पट्टी उमटली होती, कुठेही तुटलेली नाही. मग हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवर डिझेल ओतलं आणि चाचा चहा प्यायला गेले. परत येऊन खालून बोट फिरवलं. कोरडं. "हौ, झालं," एवढंच म्हणाले. तोवर मी तिथंच बसून होतो. डिझेल झिरपतं का बघत बसण्यात माझा वेळ वाया गेला असं मला मुळीच वाटलं नाही.

लातूरला भावाचं इंजिन बंद झालं, म्हणजे मिटलं, ते माझ्या दुसऱ्या फेरीत. हेडचे बोल्ट समोरासमोरचे, एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत आवळलेले. नोझल पंपवाल्याकडून तपासून आलेलं. शेवटी हवा काढणं. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारला की आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. मग तेच पंपापाशी, मग नोझलपाशी. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी इंजिन धरत नाही. सेल्फ मारला, इंजिन दोन वेळा खोकलं आणि तिसऱ्याला लागलं. नव्या इंजिनाचा धूर सुरुवातीला असतोच, आत लावलेलं ऑईल जळत असतं. तो विरेपर्यंत कुणी बोललं नाही. मग मिस्तरींनी पुन्हा ऑईलच्या तोंडावर तळहात धरला. यावेळी काही लागलं नाही.

"पहिले पन्नास तास ओढायला लावू नका," ते म्हणाले. "रोटाव्हेटर लावू नका. नुसतं चालवा, हलकं काम करा. मग ऑईल बदला." रिंगा आणि लायनर एकमेकांना बसायला एवढा वेळ लागतो. भावाने मान डोलावली, पण त्याचं लक्ष आभाळाकडे होतं. पावसाचा अंदाज आला होता आणि रान तयार नव्हतं. मृगाच्या तोंडावर बांधलेली इंजिनं पहिल्याच दिवशी भरजोर कामाला जुंपली जातात आणि नव्या रिंगा नीट न बसताच दुसऱ्या वर्षी पुन्हा धूर मारतात. यात शेतकऱ्याची हौस नाही. पेरणी लांबली तर पीक जातं. पण मग ट्रॅक्टर जानेवारी-फेब्रुवारीत का आणला नाही, असं मिस्तरी विचारतात, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. तेव्हा पैसे नव्हते. तुरीचे, हरभऱ्याचे पैसे हातात आले की मगच इंजिनाचं काम निघतं.

दुकानातला पोऱ्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून आला आहे. पुस्तकातलं त्याला मिस्तरींपेक्षा जास्त येतं, मापं मिलिमीटरमध्ये सांगतो. बोटाला कंगोरा अजून नीट कळत नाही, पण कळेल. त्याच्या बरोबरीची बाकीची मुलं मोटारींच्या शोरूममध्ये गेली. तिथं भाग बदलतात. घासून, मोजून, जुळवून घ्यायचं काम तिथं नाही. मोठ्या ट्रॅक्टरांचंही आता तसंच होत चाललं आहे. जानेवारी २०२३पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात डिझेलची फवारणी संगणक ठरवू लागला. धूर कमी झाला तर मला आनंदच आहे, तो गिळणारी माणसं आमचीच आहेत. पण ते इंजिन आजारी पडलं की आधी लॅपटॉप जोडावा लागतो, आणि तो औसा रोडच्या आतल्या शेडमध्ये नसतो. छोटे ट्रॅक्टर तेव्हा त्या कक्षेत आले नाहीत. एक पाना-संच, एक मायक्रोमीटर आणि जाणता हात एवढ्यावर ते तालुक्याच्या गावी उघडता येतात, मोजता येतात आणि बंद करता येतात. माझ्या दृष्टीने शेतकऱ्याच्या यंत्राचा हा सगळ्यात मोठा गुण आहे, अश्वशक्तीपेक्षाही मोठा. कंपन्यांनी या छोट्या इंजिनांचे रिंगा, लायनर, बेअरिंग असे भाग निदान वीस वर्षं तरी बाजारात ठेवले पाहिजेत. मॉडेल बंद झालं म्हणून दहा वर्षांचं इंजिन भंगारात जाताना मी पाहिलं आहे. क्रँक त्याचा अजून दहालाही गेला नव्हता.

तुमच्या दारात असा ट्रॅक्टर असेल तर एवढं करा. हे वाचून झाल्यावर एअर क्लीनरचं भांडं काढा, तळाला बोट घालून बघा. चिखल लागला तर तेल ओतून द्या, भांडं डिझेलने धुवा, जाळी झटकून वाळवा आणि खुणेपर्यंत नवं तेल भरा. धूर दिसत असेल तर मृगाची वाट बघू नका, राशी झाल्या की मिस्तरीकडे न्या. आणि नेताना घरातल्या पोराला किंवा पोरीला बरोबर घेऊन जा, इंजिन उघडताना त्यांना तिथं उभं राहू द्या. घरून परत बोलावायची घाई करू नका.